वय झालं म्हणून सोडून देऊ नका

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विस्मरण जडले, की पुढे त्याचे काहीही बिघडले तरी आपण 'वय झालं आता' म्हणून मोकळे होतो. घात होतो तो इथेच.

आमच्या आत्याबाईंचेच घ्या. वय 78. सुनेला लेक समजायच्या, जेवून उठल्या तरी पुन्हा ताट मागायच्या. पण ओसरीवर सूप घेऊन बसल्या की धान्य मात्र बिनचूक पाखडायच्या. माघात घरची पोरे सर्दीने शिंकत होती. दोन-तीन दिवसांनी आत्याबाई अंथरुणातून उठेनात, चहाला तोंड लावेनात. रात्री वात झाल्यासारखी बडबड. कपाळ गार, खोकला नावापुरता. कुणी म्हणाले चळ वाढला, कुणी अंगारा सुचवला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा न्यूमोनिया निघाला.

स्मृतिभ्रंश वाढतो तो महिन्या-वर्षांनी. माणूस एका-दोन दिवसांत पालटला, फार झोपू लागला, भ्रमात बोलू लागला, पडू लागला, तर तो नवा आजार समजावा. म्हातारपणी पुष्कळदा ताप चढतच नाही. छातीत दुखते, दम लागतो हे विस्मरण झालेल्याला सांगता येत नाही. 2020 च्या करोनातही कित्येक वृद्धांमध्ये पहिले लक्षण खोकला नव्हे, भ्रम हेच होते.

म्हणून हात कपाळावर नको, नजर छातीवर ठेवा. स्वस्थ पडलेले असताना मिनिटभर श्वास मोजा. 12 ते 20 ठीक. 24 च्या वर गेले, ओठ निळसर दिसले किंवा माणूस जागे होईना, तर 108 ला फोन करा. नुसता भ्रम असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

यांना तहानेचीही आठवण राहत नाही. पाणी कमी पडले की भ्रम वाढतो. घोटघोट पाजा, पण उठवून बसवून. निजल्या निजल्या पाजलेले श्वासनलिकेत जाते. पातळाने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारे खोकल्याचे औषध दुकानातून मनानेच आणू नका.

'लांब बसा' हे त्यांच्या ध्यानात राहायचे नाही. तेव्हा सर्दी झालेल्यानेच लांब राहावे, सेवा करणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. म्हाताऱ्याला परक्या खोलीत एकटे मात्र कोंडू नका. दवाखान्यात ठेवले तर ओळखीचे एक माणूस आणि त्यांचा चष्मा जवळ हवा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारून घ्या.

खोकला हटतो, तरी भ्रम कधी कधी महिनाभर रेंगाळतो, आणि गेलेले सगळेच परत येते असे नाही. आत्याबाईंनी तीन आठवड्यांनी सूप मागितले. आता खडे थोडे राहतात, ते सून मागाहून निवडते.