बेवड : एक शेतीशब्द आणि आपले शेतीधोरण

शेतीविषयक धोरणाची चर्चा सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ व कृषिशास्त्रज्ञ करीत असतात. भाषाभ्यासकाने त्या चर्चेत भाग घ्यावा, हे काहींस आगंतुकपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु धोरण हे अखेर शब्दांतच मांडले जाते, आणि ज्या वस्तूस धोरणाच्या भाषेत नाव नसते ती वस्तू धोरणाच्या दृष्टीसही बहुधा पडत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘बेवड’. काही भागांत त्याचा उच्चार ‘बिवड’ असाही होतो.

एखादे पीक निघाल्यानंतर ते जमिनीस ज्या स्थितीत सोडून जाते, त्या स्थितीस शेतकरी बेवड म्हणतात. ‘भुईमुगाचा बेवड गव्हाला चांगला’ हे वाक्य घ्यावे. त्यात गेलेले पीक षष्ठीत येते आणि येणारे पीक चतुर्थीत. बेवड चांगला की वाईट, हे केवळ एका पिकाचे नाव घेऊन सांगता येत नाही. कशाचा आणि कशाला, ही दोन्ही पदे उच्चारली किंवा निदान गृहीत धरली तरच वाक्याचा अर्थ पुरा होतो. म्हणजे हा शब्द वस्तुवाचक दिसला तरी स्वभावतः संबंधवाचक आहे. त्याच्या अर्थात काळ अंतर्भूत आहे आणि क्रमही अंतर्भूत आहे.

या शब्दामागील अनुभवास शास्त्राचा आधार आहे. भुईमूग, हरभरा, मूग, उडीद, तूर या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, आणि पीक निघाल्यावर त्याचा काही अंश जमिनीत उरतो. तुरीची मुळे खोल जातात व तिचा पालाही रानात गळतो. ज्वारीचे तसे नाही. तिची मुळे व धसकटे यांत कर्बाचे प्रमाण अधिक आणि नत्राचे अल्प असते. ती कुजविणारे सूक्ष्मजीव जमिनीतील उपलब्ध नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, आणि त्यामुळे पाठोपाठच्या पिकास काही काळ नत्राची टंचाई भासते. त्याच रानात वर्षानुवर्षे तूरच घेतली, तर ‘मर’ या रोगाची बुरशी मातीत साठत जाते. उलट, ज्वारीत तूर घेतली असता मर कमी होते, असे प्रयोगांतही आढळले आहे. सारांश, प्रत्येक पीक पुढच्यासाठी काही ठेव किंवा काही ऋण मागे ठेवीत असते, आणि या हिशेबाच्या बाकीस आपल्या शेतकऱ्याने एक स्वतंत्र नाव दिले आहे.

कोणी म्हणेल की, यासाठी ‘पिकांची फेरपालट’ ही संज्ञा कृषिविषयक ग्रंथांत रूढ आहेच. परंतु दोहोंत भेद आहे. फेरपालट ही शेतकऱ्याने करावयाची क्रिया आहे. बेवड ही जमिनीची अवस्था आहे. फेरपालट केली किंवा केली नाही, एवढेच सांगता येते. बेवड मात्र चांगला, वाईट, साधारण असा पारखावा लागतो. ‘शाश्वत शेती’ या आजच्या संज्ञेविषयीही असेच म्हणता येईल. १९८७ मध्ये ब्रुंटलॅंड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर शाश्वत विकासाची कल्पना जगभर मान्यता पावली आणि तिच्यासाठी आपण ‘शाश्वत’ हे संस्कृत विशेषण योजिले. ‘शाश्वत’ म्हणजे जे सदैव टिकते ते. ते कोणी, कशाने आणि किती वर्षे टिकवावयाचे, याविषयी हे विशेषण मौन पाळते. बेवड या शब्दात ध्येयाचा भव्यपणा नाही. पण गेल्या हंगामाची जबाबदारी आणि पुढच्या हंगामाची काळजी या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

आता धोरणाच्या भाषेकडे वळू. शासनाची शेतीविषयक प्रमुख साधने कोणती? १९६५ मध्ये कृषिमूल्य आयोग स्थापन झाला. १९८५ पासून त्याचे नाव कृषिखर्च व मूल्य आयोग असे आहे. त्याच्या शिफारशीवरून जाहीर होणारा किमान हमीभाव पिकागणिक ठरतो. पीककर्जाचे प्रमाण पिकागणिक व हेक्टरागणिक ठरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अधिसूचित पीक व अधिसूचित क्षेत्र हीच गणनेची एकके आहेत. या सर्व साधनांच्या मुळाशी एकाच घडणीचे वाक्य आहे : ‘अमुक हंगामात, अमुक पीक, इतके हेक्टर.’ या वाक्यात षष्ठीचे पद नाही. ‘त्याआधी काय होते?’ हा प्रश्न त्यात बसत नाही.

हे वाक्य अज्ञानातून निर्माण झाले, असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षी देशात अवर्षण पडले. अमेरिकेच्या धान्यावर अवलंबून राहण्याची नामुष्की राज्यकर्त्यांस सोसावी लागत होती. अशा वेळी एकेका पिकाचे उत्पादन शक्य तितक्या लवकर वाढविणे हाच मार्ग समोर होता, आणि तो सफल झाला. १९६४–६५ मध्ये गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २० लाख टन होते. १९७०–७१ मध्ये ते २ कोटी ३८ लाख टनांच्या आसपास गेले. पीक हे एकक मोजण्यास सोपे होते, आणि भुकेच्या काळात मोजता येणाऱ्या गोष्टीस प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. दोष एवढाच की, संकट ओसरल्यानंतरही एकक तेच राहिले.

त्याचा परिणाम महाराष्ट्रात स्पष्ट दिसतो. विदर्भ व मराठवाड्यात खरिपातील ज्वारी, मूग व उडीद यांची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सत्तरच्या दशकाशी तुलना करता राज्यातील ज्वारीचे क्षेत्र आज निम्म्याहूनही कमी उरले आहे. सोयाबीन हे स्वतः शेंगवर्गीय पीक असल्याने त्याचा बेवड वाईट म्हणता येणार नाही. परंतु खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा आणि पुढील खरिपात पुन्हा सोयाबीन, असा क्रम वर्षानुवर्षे चालला, तर एका शेंगवर्गीय पिकाचा बेवड दुसऱ्या शेंगवर्गीय पिकासच मिळत राहतो. नत्राची ठेव ज्यास उपयोगी पडावी ते तृणधान्य क्रमातून नाहीसे होते, आणि दोन्ही पिकांस समान असणारे मुळांचे रोग मात्र वारशाने पुढे जातात. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा कमी झाल्याने जनावरे पोसणे कठीण झाले. जनावरे घटली तसे शेणखतही घटले. ती उणीव भरून काढण्यास रासायनिक खत पुढे आले. तेथेही २०१० मध्ये स्फुरद व पालाश यांच्या खतांसाठी पोषणमूल्याधारित अनुदान सुरू करताना युरिया त्यातून वगळला गेला. साहजिकच स्वस्त नत्राकडे कल वाढला. अशा रीतीने जे काम हरभरा किंवा तूर विनामूल्य करीत होती, त्यासाठी शासन अनुदान देते, आणि ते काम न करणाऱ्या क्रमास तेच शासन कर्ज व विमाही पुरविते.

येथे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावा असा एक दस्तऐवज आहे. तो म्हणजे सर्वांस परिचित असा सातबारा. त्यातील गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. जुन्या छापील नमुन्यात ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’ आणि ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’ असे स्वतंत्र रकाने आहेत. ‘निर्भेळ’ या विशेषणाचा नेहमीचा अर्थ भेसळ नसलेले, शुद्ध असा आहे. एकाच पिकाच्या रानास हे प्रशंसावाचक विशेषण मिळाले, आणि ज्वारीत तुरीची ओळ धरणारे रान नकळत भेसळीच्या पंक्तीस जाऊन बसले. संज्ञा निवडताना असे मूल्यमापन कोणाच्या मनात होते, असा माझा आरोप नाही. परंतु शब्द आपला जुना अर्थ नव्या जागी घेऊन येतात, हा भाषेचा नियमच आहे.

तथापि याच नमुन्यात वर्ष आणि हंगाम यांचीही नोंद असते. म्हणजे एका गटाच्या लागोपाठच्या पाच वर्षांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की, त्या रानाचा बेवड आपोआप वाचता येतो. धोरणाच्या वाक्यात नसलेले षष्ठीचे पद शासनाच्याच दप्तरात उपलब्ध आहे. ते वाचण्याची प्रथा मात्र नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद करू शकतो. अशा नोंदी खऱ्या व सलग राहिल्या, तर पीककर्ज, विम्याचा हप्ता अथवा प्रोत्साहनाचे अनुदान ठरविताना मागील पिकांचा क्रम विचारात घेणे अशक्य राहणार नाही. त्यासाठी नवे खाते नको; जुन्या रकान्यांचे नवे वाचन हवे.

या विवेचनावरून, जुने ते सर्व सोने, असा निष्कर्ष कोणी काढू नये. डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या काळजीपूर्वक मशागतीची प्रशंसा केली. पण शेण जळणासाठी वापरले जाते, या उणिवेवरही त्यांनी बोट ठेवले. ज्ञान असूनही परिस्थिती त्याप्रमाणे वागू देत नाही, हा प्रकार आजही आहे. २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या तुकड्यावर ज्याचा संसार चालतो, तो पुढील वर्षाच्या बेवडासाठी या वर्षाचे रोख पीक सहजासहजी सोडणार नाही. जो तोंडी करारावर एका वर्षापुरती जमीन वाट्याने वा खंडाने करतो, त्यास तर चांगला बेवड ठेवून जाण्याचे काहीच कारण उरत नाही. कारण बेवड मागे राहतो आणि त्याचा लाभ दुसऱ्यास मिळतो. म्हणून बेवडाचा प्रश्न केवळ मातीचा नसून जमिनीवरील हक्काच्या मुदतीचाही आहे. शेतकऱ्यास फेरपालटीचा उपदेश करणारी पत्रके या ठिकाणी अपुरी पडतात. त्याने सोडलेल्या उत्पन्नाची भरपाई कोण करणार, याचे उत्तर धोरणानेच द्यावयास हवे.

शब्द व्यवहारातून जातात ते बहुधा एकटे जात नाहीत. जो क्रम कोणी पाळीत नाही, त्या क्रमाचे नाव पुढील पिढीने लक्षात ठेवावे, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी बोलींतील शेतीशब्दांचा संग्रह करावा, ही सूचना नवी नाही. परंतु तो संग्रह करताना केवळ शब्द व त्याचा अर्थ न टिपता, तो ज्या वाक्यात येतो ते वाक्यही टिपावे, आणि कोणते पद कोणत्या विभक्तीत आहे तेही पाहावे. ‘कशाचा’ आणि ‘कशाला’ हे दोन प्रश्न शेतकऱ्याच्या व्याकरणात अनिवार्य आहेत. ते शासनाच्या व्याकरणातही अनिवार्य झाले, तर ‘शाश्वत’ या विशेषणास आज नसलेला आशय प्राप्त होईल.