सतराव्या वर्षीचे भाकीत

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २००६ ते २०२५ हा काळ याद्यांचा होता. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली मुले, प्रत्येकाला एक क्रमांक, नावापुढे तीन, चार किंवा पाच तारे, आणि त्या ताऱ्यांवरून वर्षभर हुज्जत घालणारे चाहते. कोण कोणत्या विद्यापीठाला होकार देणार, टेबलावर मांडलेल्या विद्यापीठांच्या टोप्यांपैकी कोणती डोक्यावर चढवणार, यावर पुढच्या हंगामाच्या आशा बांधल्या जात. आज या काळाकडे वळून पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. यादीने मुलांचे अंगभूत गुण बऱ्यापैकी हेरले, पण चाहत्यांनी तिच्यात आपल्या संघाचे भविष्य वाचले, आणि ते भविष्य बहुतेक वेळा फसले. यादी एकेका मुलाची असते. संघ मात्र वयाने, मुरण्याने आणि एकमेकांच्या सवयीने घडतो.

मुळात ही यादी चाहत्यांसाठी नव्हतीच. न्यूयॉर्कच्या हॉवर्ड गारफिंकल यांनी साठच्या दशकात हायस्कूलच्या खेळाडूंचा अहवाल काढायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये ‘फाइव्ह-स्टार’ नावाचे शिबिर उभे केले. पुढे तो अहवाल टॉम कॉन्चाल्स्की यांनी चालवला. हा माणूस व्यायामशाळेत प्रेक्षकांच्या वरच्या रांगेत बसून पिवळ्या कागदांच्या वहीत नोंदी करायचा, त्या टाइपरायटरवर उतरवायचा आणि टपालाने फक्त कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायचा. संगणकाच्या वाटेला तो कधी गेला नाही. त्या अहवालाचा उपयोग मर्यादित होता: हा मुलगा कोणत्या पातळीवर खेळू शकेल, हे प्रशिक्षकाला कळावे आणि त्याने स्वतः जाऊन पाहावे. पुढे इंटरनेटवर मानांकन करणाऱ्या कंपन्या आल्या आणि तीच माहिती वर्गणी भरणाऱ्या चाहत्याच्या हातात पडली. प्रशिक्षकासाठी जी तपासाची सुरुवात होती, ती चाहत्यासाठी निकाल होऊन बसली.

त्यात २००५ च्या करारात एनबीएने नियम बदलला. तोवर केविन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स यांच्यासारखी मुले हायस्कूलमधून थेट या व्यावसायिक लीगमध्ये जात. आता १९ वर्षे वय आणि हायस्कूलनंतरचे एक वर्ष अशी अट आली. त्यामुळे देशातली सर्वात गुणी मुले एका हंगामापुरती कॉलेजात थांबू लागली, आणि यादीतला पहिला क्रमांक आपल्याकडे आला की विजेतेपद आलेच, असे चाहत्यांना वाटू लागले. पहिल्याच वर्षी याची परीक्षा झाली. २००६ च्या तुकडीतला अव्वल मुलगा ग्रेग ओडन ओहायो स्टेटकडे गेला, दुसरा केविन ड्युरँट टेक्सासकडे. टेक्सास राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत गारद झाले. ओहायो स्टेट अंतिम फेरीत पोहोचले आणि तिथे ओडनने २५ गुण आणि १२ रिबाउंड्स मिळवले. यादीने त्याच्याबद्दल जे म्हटले होते ते त्या रात्री शब्दशः खरे ठरले. तरीही फ्लोरिडा ८४-७५ ने जिंकले. फ्लोरिडाचे होरफोर्ड, नोआ, ब्रूअर आणि ग्रीन हे तिसऱ्या वर्षाचे खेळाडू आदल्या वर्षीचे विजेतेपद खिशात असताना पुन्हा एकत्र खेळायला थांबले होते. एकट्या ओडनला आवरण्यापेक्षा त्या चौघांची घडी विस्कटणे कितीतरी अवघड होते.

एकेका मुलाबद्दलसुद्धा यादीची नजर शिखरावर चांगली आणि खाली उतरावे तशी अंधूक होत जाते. त्याच २००६ च्या तुकडीतून पुढे एनबीएचा ‘सर्वोत्तम खेळाडू’ हा किताब मिळवणारे तिघे निघाले. ड्युरँट दुसऱ्या क्रमांकावर होताच. पण स्टेफ करी हा तीन ताऱ्यांचा किरकोळ बांध्याचा मुलगा होता. एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही, म्हणून तो डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात गेला. रसेल वेस्टब्रूक हायस्कूलमध्ये आला तेव्हा जेमतेम पाच फूट आठ इंचांचा होता, उंची उशिरा वाढली आणि यूसीएलएचे बोलावणेही उशिराच आले. उलट ओडनला गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याची कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली. याचा दोष निरीक्षकांच्या माथी मारता येणार नाही. सतराव्या वर्षी दिसते ते शरीर, वेग आणि उडी. हाडे कधी वाढायची थांबतील, गुडघे किती टिकतील, रोज एकट्याने हजारो वेळा चेंडू टाकण्याची चिकाटी कोणात आहे, हे दिसत नाही. यादी आजचा फोटो काढते. चाहता तो जन्मपत्रिकेसारखा वाचतो.

यावर केंटकी आणि ड्यूकचे चाहते दोन वर्षांकडे बोट दाखवतील, आणि ते योग्यच आहे. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या केंटकीने आणि २०१५ मध्ये ड्यूकने पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जोरावर विजेतेपद जिंकले. ड्यूकच्या अंतिम सामन्यातल्या ६८ गुणांपैकी ६० पहिल्या वर्षाच्या मुलांचे होते. हा पुरावा मोठा आहे. पण २००७ ते २०२५ या काळात स्पर्धा १८ झाल्या. त्यांपैकी नवख्यांनी पेललेल्या या दोनच. त्यातही केंटकीकडून अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण केले ते दुसऱ्या वर्षाच्या डोरॉन लॅम्बने, आणि ड्यूकला चौथ्या वर्षाच्या क्विन कुकचा आधार होता. अपवाद ठरलेल्या या दोन वर्षांच्या आसपास काय घडले, तेही पाहावे लागेल. २०१४ च्या अंतिम सामन्यात केंटकीने पहिल्या वर्षाचे पाचही खेळाडू सुरुवातीलाच उतरवले आणि चौथ्या वर्षाच्या शबाझ नेपियरच्या कनेटिकटकडून ६०-५४ ने हार खाल्ली. २०१९ मध्ये यादीच्या अगदी वरचे तिघे, बॅरेट, रेडिश आणि झायन विल्यमसन, एकाच वेळी ड्यूककडे होते. ते मिशिगन स्टेटकडून एका गुणाने हरले. विजेतेपद व्हर्जिनियाला मिळाले, जो संघ आदल्या वर्षी १६ व्या मानांकित संघाकडून पहिल्याच फेरीत हरल्यावरही एकत्र राहिला होता.

२०२१ नंतर दोन गोष्टींनी हे चित्र आणखी गडद केले. खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती उठली. आता प्रशिक्षक हायस्कूलच्या मुलाऐवजी दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षे खेळून तयार झालेला खेळाडू आणू शकतो. २०२५ च्या उपांत्य फेरीत ड्यूकचा, देशातला अव्वल नवखा कूपर फ्लॅग, वय १८, शेवटच्या सेकंदांत आघाडीसाठी चेंडू टाकत होता. समोर हात उंचावून उभा होता ह्यूस्टनचा २३ वर्षांचा जेवॉन रॉबर्ट्स. चेंडू आत गेला नाही, ड्यूक ७०-६७ ने हरले. विजेतेपद पुन्हा फ्लोरिडाचे, आणि त्यांचे तिन्ही प्रमुख गार्ड आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमाँट अशा लहान कॉलेजांतून आलेले होते. त्याच हंगामात रटगर्सकडे यादीतल्या पहिल्या पाचांपैकी दोघे, डिलन हार्पर आणि एस बेली होते. संघ १५ जिंकला, १७ हरला आणि स्पर्धेला मुकला. त्या उन्हाळ्यात एनबीएने फ्लॅगला पहिला, हार्परला दुसरा आणि बेलीला पाचवा निवडला. तिन्ही मुलांबद्दल यादी बरोबर होती. संघांबद्दल ती काहीच सांगू शकली नाही.

कोणी म्हणेल, हा चाहत्यांचा विरंगुळा आहे, त्याने कोणाचे काय बिघडते? उलट या लक्षामुळेच मुलांना किंमत आली. पैशाची बाजू मला मान्य आहे. ज्यांच्या जिवावर विद्यापीठे कोट्यवधी डॉलर मिळवत होती त्यांना वाटा मिळायलाच हवा होता, आणि तो फार उशिरा मिळाला. पण क्रमांक लावण्याचे वय खाली खाली घसरत गेले, त्याची किंमत मुलांनी मोजली. जॉर्ज डोरमन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कॅलिफोर्नियाच्या एका मुलाची हकीकत आहे. शाळकरी वयात त्याला देशात पहिला ठरवले गेले. बाकीच्यांची उंची वाढली आणि ‘पहिला’ हे बिरूद त्याच्या मानगुटीवर बसले. ज्या मुलाने कोणाला काही वचन दिले नव्हते, त्याने अपेक्षाभंग केला असे लोक बोलू लागले.

म्हणून गेल्या दोन दशकांच्या अनुभवातून चाहत्यांनी घ्यायचे ते सरळ आहे. यादी जरूर वाचावी, तिच्यावर वादही घालावा, त्यात खेळाचे प्रेमच असते. मात्र नवा मुलगा येणार म्हटल्यावर त्याचे तारे मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: त्याच्या शेजारी कोण खेळणार आहे, आणि ते दोघे एकत्र किती दिवस राहणार आहेत? विजेतेपदाचा अंदाज या उत्तरांतून अधिक नीट येतो. आणि मुलगा कमी पडला, तर चूक आपल्या अपेक्षेची होती असे म्हणण्याइतका मोठेपणा आपण दाखवावा. तो सतरा वर्षांचा आहे, आपण नाही.