गादी एकच असावी लागते

२० ऑक्टोबर २०२५. नरकचतुर्दशी. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आदल्या तारखेची मध्यरात्र होत आली असताना, ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउड केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ता कोरा झाला. डेटाबेस शाबूत होता, यंत्रं चालू होती, विजेचा प्रश्न नव्हता. त्याच्याकडे जाण्याचा इंटरनेटवरचा पत्ता ज्या नोंदीत लिहिलेला असतो, ती नोंदच रिकामी झाली होती. ही नोंद अद्ययावत ठेवणारा प्रोग्रॅम तीन वेगळ्या इमारतसमूहांत तीन प्रतींत चालत होता. एक पडली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक प्रत रेंगाळली, तिनं पत्त्यांचा जुना आराखडा नव्यावर चढवला, आणि त्याच वेळी दुसरीनं जुने आराखडे झाडून टाकले; त्यात हा नुकताच चढवलेलाही गेला. मग माणसांना हात घालावा लागला. मूळ बिघाड निस्तरायला सुमारे तीन तास, आणि त्याच्या मागून लागलेली रांग सरायला एकूण पंधराच्या आसपास. स्नॅपचॅट, सिग्नल यांच्यासह जगभरातल्या असंख्य सेवा अडखळल्या.

म्हणजे बिघाड होऊ नये म्हणून ठेवलेल्या जादा प्रतींचंच आपसात जुळलं नाही. ‘हाय अव्हेलेबिलिटी’, म्हणजे शक्यतो बंद न पडणारा डेटाबेस, या विषयातली सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथंच आहे. प्रती वाढवणं सोपं असतं. कोणत्या प्रतीचा शब्द अखेरचा, हे ठरवणं अवघड असतं. क्लाउड कंपन्या यातलं पहिलं काम आता तासाच्या भाड्यानं करून देतात. दुसऱ्याचं काय, हे पाहायला पुण्याइतकं सोयीचं गाव नाही, कारण या धंद्याची दोन्ही टोकं, सॉफ्टवेअर घडवणारं आणि क्लाउड चालवणारं, इथं आहेत.

आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली होती ती डेटाबेसमध्येच. पाठोपाठ वेरिटास ही स्टोरेज सॉफ्टवेअरमधली अमेरिकन कंपनी इथं आली. बँका आणि टेलिफोन कंपन्यांचे मोठे डेटाबेस अनेक यंत्रं एकत्र चालवणाऱ्या ज्या क्लस्टर सॉफ्टवेअरवर विसंबून असत, त्या वेरिटास क्लस्टर सर्व्हरच्या घराण्यातलं बरंच काम पुण्यातल्या इंजिनिअरांच्या हातून गेलं. कंपनी २००५ मध्ये सिमँटेकमध्ये विलीन झाली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी निघाली, २०२४ च्या अखेरीस तिचे तुकडे होऊन बॅकअपचा भाग कोहेसिटीकडे गेला. पाट्या बदलल्या, पण डिस्क, प्रती आणि बिघाड यांवर विचार करणाऱ्यांची एक पिढी या शहरात तयार झाली ती झालीच. २००८ मध्ये पुण्यात निघालेल्या द्रुवा या क्लाउड बॅकअप कंपनीचे जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोरटे वेरिटासमधूनच बाहेर पडलेले. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर उभ्या असलेल्या एन्टरप्राइझडीबीचंही पुण्यात कार्यालय आहे.

दुसरं टोक २०१५ चं. मायक्रोसॉफ्टनं भारतात आपल्या अझ्युर क्लाउडची तीन केंद्रं उघडली: मुंबईला नाव मिळालं पश्चिम भारत, चेन्नईला दक्षिण भारत आणि पुण्याला मध्य भारत. समुद्रापासून जेमतेम शंभर किलोमीटरवरचं शहर देशाचा मध्य कसं, हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकांना पडेल. पुणेकरांना तो पडल्याचं ऐकिवात नाही. या ‘मध्य भारता’त पुढं तीन झोन झाले. झोन म्हणजे वीज, थंडावा आणि नेटवर्क यांची स्वतंत्र सोय असलेला इमारतसमूह. एका झोनचा ट्रान्सफॉर्मर जळला तरी शेजारचा चालू राहावा, हा हेतू. हिंजवडीत कंपनीनं २०२४ मध्ये सुमारे १६ एकर जमीन जवळपास ५२० कोटी रुपयांना घेतली, तेव्हा बातमी मालमत्तेच्या पानावर आली. ती डेटाबेसच्या पानावरही शोभली असती.

आता मूळ पेचाकडे. दोन यंत्रं घ्या. एक प्रायमरी: सगळं लिखाण तिच्यावर. दुसरी स्टँडबाय: प्रायमरीवर घडलेल्या प्रत्येक बदलाची नोंदवही तिच्याकडे अखंड येत राहते आणि ती स्वतःला तसंच घडवत राहते. दोघी दर काही क्षणांनी एकमेकींना ‘आहे’ असा संदेश पाठवतात; यालाच हार्टबीट म्हणतात. एके रात्री स्टँडबायला संदेश येणं थांबतं. आता प्रायमरी मेली आहे, की मधली तार तुटली आहे? स्टँडबायच्या जागेवरून पाहिलं तर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. हा प्रोग्रॅमरच्या हुशारीचा प्रश्न नाही. संदेशाला किती वेळ लागेल याची हमी नसलेल्या जाळ्यात एखादं जरी यंत्र पडू शकत असेल, तर सर्वांचं एकमत ठरावीक पायऱ्यांनी नक्की होईलच अशी रीत असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटर्सन यांनी १९८५ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे. म्हणून व्यवहारात घड्याळ लावतात: अमुक सेकंद आवाज आला नाही तर मेली असं समजायचं. हा अंदाज असतो, आणि कधीतरी चुकतो.

तो चुकला की स्टँडबाय स्वतःला प्रायमरी जाहीर करते, मूळ प्रायमरी जिवंतच असते, आणि दोघींवर लिखाण सुरू होतं. इंजिनिअर याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. मराठी वाचकाला ही अवस्था समजावून सांगायची गरज नाही. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि पन्हाळ्याहून ताराबाईंचा कारभार चालूच राहिला. सनदा दोन्हीकडून निघत, शिक्का दोन्हींवर छत्रपतींचा, आणि देशमुख-सरदार सोयीची सनद पुढं करत. १७३१ च्या वारणेच्या तहानं प्रश्न सुटला तो मुलूख वाटून; दोन दफ्तरं परत एक झाली नाहीत. डेटाबेसमध्येही दोन बाजूंनी झालेलं लिखाण मागाहून आपोआप जुळवता येत नाही. एकाच खात्यातून दोन्हीकडं पैसे काढले गेले असतील तर खरी नोंद कोणती?

गिटहब या प्रोग्रॅमरांच्या आवडत्या कंपनीनं याची किंमत मोजली आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला एक उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फेलओव्हर, म्हणजे प्रायमरीपद दुसरीकडं सोपवण्याचं काम, करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेनं तत्परतेनं पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी केले. पण पूर्वेकडं काही लिखाण झालेलं होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं. एका गजबजलेल्या क्लस्टरवर अशा ९५४ नोंदी निघाल्या. त्या टाकायच्या नाहीत असं कंपनीनं ठरवलं, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. माझ्या मते निर्णय बरोबर होता. सेवा लवकर सुरू करून नोंदी गिळणारे जास्त असतात, त्यांच्या गोष्टी छापून येत नाहीत.

यावरचे उपाय जुनेच आहेत. पहिला, मत देणारी यंत्रं विषम संख्येत ठेवा: तीन किंवा पाच. ज्या बाजूला बहुमत, तिचीच प्रायमरी. अल्पमतातल्या बाजूनं लिखाण थांबवायचं. याला कोरम म्हणतात. दुसरा, जुन्या प्रायमरीचे हात बांधल्याशिवाय नवीला गादीवर बसवू नका. याचं नाव फेन्सिंग. वेरिटासच्या क्लस्टरमध्ये त्यासाठी निदान तीन छोट्या समन्वयक डिस्क असत. संपर्क तुटला की दोन्ही यंत्रं त्या डिस्क काबीज करायला धावत; ज्याला बहुसंख्य मिळाल्या ते जगे, दुसरं स्वतःला बंद करून घेई. क्लाउडमध्ये डिस्क अशी वाटून घेता येतेच असं नाही, म्हणून रीत बदलली. पोस्टग्रेससाठी बरेचजण वापरतात ते पॅट्रोनी हे साधन नेतेपदाची किल्ली एटसीडी नावाच्या छोट्या, तीन किंवा पाच जागी चालणाऱ्या नोंदवहीत ठेवतं. किल्लीची मुदत सहसा ३० सेकंद. प्रायमरीनं ती वेळेत नवी करून घेतली नाही तर तिनं आपणहून पायउतार व्हायचं. फेलओव्हर सुरू व्हायला अर्धा मिनिट का जातो, हे विचारणाऱ्या व्यवस्थापकांना एवढंच सांगावं की हा वेळ खात्री करण्यात जातो. मुदत तीन सेकंदांवर आणली तर क्षणभर गुदमरलेल्या जिवंत प्रायमरीलाही रोज पदच्युत करत बसावं लागेल.

पुढचा प्रश्न अंतराचा. प्रायमरीनं ‘नोंद झाली’ असं ग्राहकाला सांगण्याआधी स्टँडबायकडून पोच घ्यायची की नाही? घेतली तर एकही नोंद हरवत नाही, पण प्रत्येक व्यवहार जाण्या-येण्याच्या वेळेएवढा लांबतो. पुण्यातल्या दोन झोनमध्ये हा वेळ दोन मिलिसेकंदांच्या आत आहे; खुशाल पोच घ्यावी. अझ्युरनं पुण्याची जोडी लावली आहे चेन्नईशी. सरळ रेषेत नऊशेच्या आसपास किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान नऊ मिलिसेकंद. तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच जास्त. म्हणून चेन्नईकडं नोंदी मागाहून जातात, आणि अख्खं पुणे केंद्र पडलं तर शेवटचे काही क्षण गेले असं धरावं लागतं. पोच घेण्यात आणखी एक खोच आहे: एकच स्टँडबाय ठेवली आणि तिची पोच सक्तीची केली, तर ती पडल्यावर ठणठणीत प्रायमरीचंही लिखाण अडतं. विश्वासार्हतेसाठी आणलेलं यंत्रच मग सेवा बंद पाडतं. दोन स्टँडबायपैकी कोणत्याही एकीची पोच चालेल, ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आली.

उभारणी करताना बहुतेकांचं लक्ष डेटाबेसवर असतं आणि घोळ ॲप्लिकेशनमध्ये होतो. नवी प्रायमरी मिनिटभरात उभी राहते, पण ॲप्लिकेशननं जपून ठेवलेली जुनी कनेक्शनं मेलेल्या यंत्राचंच दार ठोठावत बसतात, किंवा जुना पत्ता तासभर लक्षात ठेवतात. मधे पीजीबाउन्सर किंवा एचएप्रॉक्सीसारखा दारवान बसवला तरी तोही एकटा असून चालत नाही. आणि ॲप्लिकेशननं एकच पैसे भरण्याचा व्यवहार दोनदा पाठवला तर काय, याचं उत्तर कोणताही क्लस्टर देत नाही.

महाराष्ट्रातलं या विषयावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला थांबला तो पावणेचारला सुरू झाला. दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा होत्या, पण दोन्हींना खोदकामाचा फटका बसला, आणि त्यापाठोपाठ स्टोरेज यंत्रणेनं अनपेक्षित वागणूक दाखवली. चेन्नईत पर्यायी केंद्र तयार होतं. तिकडं कारभार हलवला गेला नाही. यंत्रं होती, प्रती होत्या. निर्णय झाला नाही. सेबीनं मग पुढच्याच महिन्यात नियम घट्ट केले: बिघाडानंतर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजारानं खास सत्र घेतलं: सकाळी मुख्य केंद्रावरून, मग पर्यायी केंद्रावरून, खऱ्या पैशांचे खरे सौदे. एवढ्या उघड्यावर तालीम करण्याचं धैर्य आपल्या किती बँकांत आहे? २१ नोव्हेंबर २०२० ला मुख्य डेटा सेंटरची वीज गेल्यानं एचडीएफसी बँकेच्या सेवा कोलमडल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तिला नवी क्रेडिट कार्डं देण्यापासूनच काही काळ रोखलं होतं.

एक गैरसमज मात्र पुण्यातल्या चांगल्या कंपन्यांतही भेटतो: ‘आमच्याकडं तीन प्रती आहेत, बॅकअप कशाला?’ चुकीचा डिलीट तीनही प्रतींवर तितक्याच इमानानं पोचतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरनं स्टँडबाय समजून प्रायमरीचीच फाइल डिरेक्टरी पुसली. बॅकअपच्या पाच रीती होत्या. वेळेला नीट कामी आली अशी एकही नाही. त्यातल्या नेहमीच्या बॅकअपचा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्यानं अपयशी होत होता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. सहा तास आधी कोणीतरी चाचणीसाठी हातानं घेतलेली प्रत होती म्हणून कंपनी वाचली. टँडम कॉम्प्युटर्सच्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की, त्यांच्या बंद पडणाऱ्या यंत्रणांमागं सर्वांत मोठं कारण, ४२ टक्के, व्यवस्थापनातल्या मानवी चुका हे होतं. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के.

खर्चाचंही बोलायला हवं. वर्षाला ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास बंद चालेल, ९९.९९ म्हणजे सुमारे ५२ मिनिटं. या एका जास्तीच्या नऊसाठी दुसऱ्या झोनमधलं तेवढंच मोठं यंत्र रात्रंदिवस भाड्यानं ठेवावं लागतं, म्हणजे डेटाबेसचं बिल जवळपास दुप्पट. एखादी पतसंस्था, क्लास किंवा दोन दवाखान्यांची साखळी यांना याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी क्लाउड कंपनीच सांभाळते असा साधा डेटाबेस घ्यावा, रोजचा बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवावा आणि महिन्यातून एकदा तो उघडून पाहावा. स्वतः तीन नोड (म्हणजे क्लस्टरमधली यंत्रं), एटसीडी आणि पॅट्रोनी उभं करण्याचा उत्साह ज्यांच्याकडं रात्री फोन उचलणारी निदान चार माणसं आहेत त्यांनीच दाखवावा. एका डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाच्या, जिवावर चालणारा तीन नोडांचा क्लस्टर मी पाहिला आहे, आणि तिथं बिघाडाची सगळ्यात नाजूक जागा तो डीबीएच होता: पासवर्ड त्याच्याकडं, प्रक्रिया त्याच्या डोक्यात, लेखी काही नाही. म्हणून तालीम करायची तर त्या माणसाला मुद्दाम रजेवर पाठवून करावी, आणि प्रायमरी बंद करण्याचं बटण टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीच्या हातात द्यावं.