स्विचकडे धाडावयाची फाइल

स्विच म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे दिव्याचे बटण येते. येथे अभिप्रेत आहे ती निराळी वस्तू. कचेरीतील किंवा इस्पितळातील २४ वा ४८ संगणकांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात आणि जी एकाचा निरोप नेमका दुसऱ्याच्या दारी पोचविते, ती पेटी म्हणजे संगणकजाळ्यातील स्विच होय. तिचे सारे ज्ञान तिच्या स्मृतीत फाइलींच्या रूपाने असते. पेटी चालविणाऱ्या प्रणालीची फाइल अधूनमधून बदलावी लागते, कारण जुन्या प्रणालीत दोष सापडत राहतात. पेटीच्या मांडणीच्या फाइलीची प्रत बाहेर काढून ठेवावी लागते, कारण पेटी जळाली तर नव्या पेटीला तेच सारे पुन्हा शिकवावयाचे असते. ही ने-आण कोणाच्या हाती सोपवावी?

सर्वांत जुनी रीत एफटीपी. तिचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण यांनी मांडला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही. एफटीपी नाव आणि परवलीचा शब्द विचारते खरी, पण तो शब्द पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. तिची धाकटी बहीण टीएफटीपी तर तेवढेही विचारीत नाही. फाइलीचे नाव ठाऊक असले की पुरे! ती ५१२ बाइटांचा एकेक तुकडा धाडते व त्याची पोच घेते. तुकड्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंतच असल्याने मूळ रीतीने सुमारे ३२ मेगाबाइटांपुढे गाडी अडते. मोठ्या तुकड्यांची सोय पुढे झाली, पण ती दोन्ही टोकांना ठाऊक असावी लागते. इतके असूनही टीएफटीपी टिकली, ती केवळ सोपी म्हणून.

हा सोपेपणा महाग पडतो. मांडणीच्या फाइलीत परवलीचे शब्द आणि जाळ्याची रचना असते. ती उघड्यावरून धाडणे म्हणजे घराचा नकाशा किल्ल्यांसह रस्त्यावर ठेवणे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द असेच चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी एसएसएच रचले. एससीपी आणि एसएफटीपी या रीती त्याच्याच बंद पाकिटातून फाइल नेतात.

सिस्कोचा स्विच घेऊ. त्याला स्वतःचा आयपी पत्ता द्यावा व फाइल ठेवलेल्या यंत्रापर्यंत पिंग पोचतो का ते पाहावे. मग यंत्राचे व डोमेनचे नाव देऊन ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ या आज्ञेने किमान २०४८ बिटांची किल्ली घडवावी. बाहेरून फाइल स्विचवर ढकलावयाची असेल तर १५ व्या दर्जाचे खाते, ‘एएए’ची ओळखतपासणी व अधिकारतपासणी आणि ‘आयपी एससीपी सर्व्हर एनेबल’ एवढे लागते. अधिकारतपासणी राहून गेली तर परवलीचा शब्द बरोबर असूनही फाइल नाकारली जाते, आणि नवखा माणूस दिवसभर शब्दच तपासत बसतो. स्विचने स्वतः फाइल ओढून घ्यावयाची असेल तर ‘कॉपी एससीपी फ्लॅश’ पुरे. मात्र फ्लॅशमध्ये जागा किती, हे आधी पाहावे.

फाइल पोचली म्हणजे काम संपले असे नाही. ‘व्हेरिफाय’ आज्ञेने तिचा ठसा काढून निर्मात्याने दिलेल्या ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवावा, आणि मगच स्विच पुन्हा सुरू करावा. अर्धवट फाइलीवर विसंबलेली पेटी उठली नाही, तर तिच्या आधाराने चालणारा सारा मजला मुका होतो. म्हणून नवी प्रणाली नीट चालेपर्यंत जुनी पुसू नये. आणि पूर्वी कोणी तरी एखाद्या कोपऱ्यातल्या संगणकावर टीएफटीपी सुरू करून ठेवली असेल, तर त्याच दिवशी ती बंद करावी.