माशाचा वास आणि बिनवासाचें विष

बांगडे घरीं आले कीं गृहिणी ते धुऊन त्यांना मीठ व कोकमाचें आगळ चोळून ठेवतात. कोणी लिंबू पिळतात. वास मरतो, असें त्या म्हणतात. रसायनशास्त्र एवढेंच म्हणेल कीं, वास मरत नाहीं, बांधला जातो.

अमोनिया वायु आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. नत्राचा एक परमाणु आणि त्याला चिकटलेले उज्जाचे तीन, ही त्याची घडण. या उज्जांपैकीं एक, दोन किंवा तिन्ही दूर होऊन त्यांच्या जागीं कर्बाचे गट बसले कीं अमाइन तयार होतें. समुद्रांतील माशांच्या अंगीं एक निर्गंध नत्रयुक्त द्रव्य असतें. मासा मेल्यावर जंतु त्यापासून ट्रायमेथिलअमाइन बनवितात. तोच तो वास! अमाइनें अल्कधर्मी. आम्लाशीं गांठ पडली कीं त्यांचा क्षार बनतो, आणि क्षार हवेंत उडत नाहीं. मग नाकापर्यंत पोंचणार काय?

परंतु वास गेला म्हणजे धोका गेला, असें मात्र समजूं नये. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसांत हिस्टिडीन नांवाचें द्रव्य विपुल असतें. मासा बर्फावांचून उकाड्यांत पडून राहिला कीं कांहीं जंतु त्याचें हिस्टामीन करतात. हेंहि अमाइनच, पण त्याच्या एका टोकाला पांच परमाणूंचें कडें असतें, तीन कर्बाचे व दोन नत्राचे. कर्बाच्या कड्यांत असें परकें मूलद्रव्य शिरलें कीं तें विषमवलयी संयुग झालें. कुनैन आणि नीळ हीं याच कुळांतलीं. डेल व लेडलॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं १९१० सालीं हिस्टामीनचे शरीरावरील परिणाम वर्णिले.

या द्रव्याला माशाचा वास नाहीं. कोकम त्याचें कांहींच बिघडवीत नाहीं. शिजवल्यानें जंतु मरतात, पण त्यांनीं करून ठेवलेलें हिस्टामीन चुलीच्या आंचेला दाद देत नाहीं. मग जेवणानंतर थोड्याच वेळांत चेहरा लाल होतो, डोकें ठणकतें, अंगावर गांधी उठतात. घरचीं माणसें म्हणतात, याला मासा सोसत नाहीं. आणि तो बिचारा जन्मभर बांगडा वर्ज्य करतो! पुष्कळदा दोष माशाचा नसतो, तो बर्फावांचून राहिला त्या तासांचा असतो. त्रास बहुधा दिवसभरांत ओसरतो. श्वास लागल्यास मात्र डॉक्टरांना तात्काळ दाखवावें.

तेव्हां मासा बर्फांतलाच घ्यावा, आणि आगळ चोळल्यावर ओट्यावर न ठेवतां शीतकपाटांत ठेवावा.