किडनीचा रिपोर्ट वाचायचा कसा?



माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की आपण तो घेऊन आमच्याकडे येता. सामू किती, क्षारता किती, सेंद्रिय कर्ब किती, एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारता. पण आरोग्य शिबिरात रक्त दिल्यावर मिळालेला कागद मात्र घडी होऊन रेशनकार्डाच्या पिशवीत जातो. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरीही त्या कागदावरच्या किडनीच्या चार ओळी कशा पाहाव्यात, ते आज सांगणार आहे. कारण या अवयवाचे दुखणे बोलत नाही. निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी पुष्कळदा माणूस औत हाकत असतो, बाईमाणूस खुरपणीला जात असते.

मूत्रपिंडे दोन, कमरेच्या वर पाठीच्या बाजूला, प्रत्येक मुठीएवढे. एकेकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले बहुतेक सगळे शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. तेव्हा 'लघवी साफ होते, म्हणजे किडनी ठणठणीत' हा समज खरा नव्हे. पाणी बाहेर पडते, पण घाण मागे राहू शकते.

मागे राहिलेली घाण मोजण्याचे माप म्हणजे क्रिएटिनीन. स्नायूंच्या रोजच्या कामातून हा टाकाऊ पदार्थ तयार होतो. साधारणपणे पुरुषांत १.३ आणि स्त्रियांत १.१ मिलिग्रॅमपर्यंत तो ठीक मानतात. येथेच फसगत होते. समजा, घरातल्या २५ वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनीन १.२ आले आणि ६५ वर्षांच्या आजीचेही १.२ आले. आकडा एकच. पण वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून हिशेब केला, तर मुलाच्या किडनीचा गाळण्याचा वेग निघतो सुमारे ८६ आणि आजीचा सुमारे ५०! या वेगालाच रिपोर्टात 'ई-जीएफआर' म्हणतात. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर किडनीचा जुनाट आजार समजतात. १५ च्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१६ पासून आहे खरा. पण आठवड्यातून दोन-तीन खेपा आणि दर खेपेला चार तास, शिवाय एस.टी.चा प्रवास. हंगामात हे कोणत्या घराला झेपेल?

मातीचा नमुना आपण उकिरड्याजवळून किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागेतून घेत नाही. रक्ताचेही तसेच आहे. आदल्या रात्री मटणाचे जेवण झाले असेल, दिवसभर उन्हात ऊस तोडला असेल, जुलाब-उलट्या चालू असतील, तर क्रिएटिनीन आणि युरिया दोन्ही चढलेले दिसू शकतात. म्हणून एका आकड्याने घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासावे. जुने कागद तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. गेल्या वर्षी ०.८ होते आणि यंदा १.१ आले, तर दोन्ही आकडे मर्यादेतले असूनही डॉक्टरांना दाखवलेच पाहिजेत.

रक्ताइतकीच लघवीची तपासणी महत्त्वाची, आणि तीच पुष्कळदा राहून जाते. गाळणी फाटू लागली की प्रथम अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून झिरपते. क्रिएटिनीन तेव्हा अगदी ठीकही असते. 'एसीआर' या तपासणीत आकडा ३० च्या आत हवा. साखरेचा विकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा ही तपासणी आणि क्रिएटिनीन करून घ्यावे. किडनी खराब होण्याची सर्वांत मोठी कारणे हीच दोन आहेत. 'आता बरे वाटते' म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने सोडू नये.

आता दुखण्याच्या गोळ्यांविषयी. ऊसतोड, भातलावणी, कापूसवेचणी झाली की कंबर धरते. मग दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी येते. या गोळ्यांनी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात अंगातले पाणी आटलेले असले तर दुहेरी मार. आपल्या आकाशातली गिधाडे कशी गेली ठाऊक आहे ना? डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर भारतात बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, एका गोळीने असे होत नाही. पण रोज संध्याकाळी एक, असे महिनोन् महिने चालले तर किडनी झिजू शकते. बिनलेबलच्या पुड्या आणि भस्मेही टाळावीत; त्यांत शिसे किंवा पारा असू शकतो.

तिकडे मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत, उसाच्या फडातल्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी झाल्या. पुष्कळांना साखरेचा विकार नव्हता, रक्तदाबही नव्हता. अतिउष्णतेत घाम गाळीत केलेले कष्ट हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. आपल्या फडातही ऊन काही कमी नसते. बांधावर पाण्याची कळशी आणि दुपारी घटकाभर सावली हवीच. लघवी फिकट पिवळी होईल इतके पाणी प्यावे. मीठ दिवसाला चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. त्यात पापड, लोणचे, खारवलेली मिरची सारे आले.

मात्र ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, त्यांनी ऐकीव सल्ल्यावरून पाणी वाढवू नये. शहाळे आणि कमी सोडियमचे मीठही विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांतले पोटॅशियम कमजोर किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते हृदयावर बेतते. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, लघवीला सतत फेस असे दिसले तर लवकर डॉक्टरांना दाखवावे. लघवी एकाएकी कमी झाली किंवा दम लागू लागला, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि जाताना जुने रिपोर्ट व चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात.