विश्लेषण : जखमेवरच्या प्रथिन-जेलला शरीर स्वीकारते की कोंडून टाकते?

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या तळपायाची लहानशी जखमही कधी कधी महिनोन् महिने भरत नाही आणि अखेर बोट किंवा पाऊल कापावे लागते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. अशा जखमांसाठी कोलॅजेन, जिलेटिन, रेशीम यांसारख्या नैसर्गिक प्रथिनांच्या हायड्रोजेलवर जगभर संशोधन सुरू आहे. हे जेल उपयोगी पडणार की नाही, याचा मोठा निर्णय रोगप्रतिकारक पेशींच्या हाती असतो.

हायड्रोजेल म्हणजे काय?

भरपूर पाणी धरून ठेवणारी लांब रेणूंची जाळी. वाटीत थरथरणारी जेली हे जिलेटिनचे हायड्रोजेलच. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही याच कुळातली, मात्र ती कृत्रिम रसायनापासून बनते. कोलॅजेन आपल्या त्वचेतच असते. त्यावर पेशींना धरून राहण्याच्या जागा आधीपासून असतात आणि शरीरातील विकरे (एन्झाइम) ते हळूहळू विरघळवू शकतात.

शरीरात नेमके काय घडते?

इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. या वाटेवरच्या संशोधनासाठी त्यांना १९०८ मध्ये नोबेल मिळाले. पायात बाभळीचा काटा मोडला तर होते तेच, आणि जेल बसवले तरी सुरुवात तशीच होते.

आधी रक्तातील प्रथिने जेलला चिकटतात. काही तासांत न्यूट्रोफिल पोहोचतात, पाठोपाठ मॅक्रोफाज. या भक्षक पेशी परकी वस्तू गिळायला बघतात. वस्तू मोठी असेल तर अनेक मॅक्रोफाज एकमेकांत मिसळून एक महाकाय पेशी तयार होते. तरीही जमले नाही, तर काही आठवड्यांत वस्तूभोवती तंतूंचे कवच चढते. जेल आतच राहते, पण कोंडलेले.

मॅक्रोफाजचे दोन स्वभाव सांगितले जातात. एम-१ सूज वाढवून जंतूंशी लढतात, एम-२ डागडुजी करतात. (प्रत्यक्ष शरीरात इतकी सरळ फाळणी नसते, मधल्या अनेक छटा असतात.) एम-१ वाईट असेही नाही, सुरुवातीला ते हवेतच. मधुमेहींच्या जखमेत मात्र गाडी तिथेच अडकते. ती पुढे ढकलणे हे चांगल्या जेलचे काम.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

अजिबात नाही. सौंदर्योपचारात गाईच्या कोलॅजेनची इंजेक्शने दिली जात, तेव्हा शंभरात सुमारे तिघांना त्याची ॲलर्जी निघे. म्हणून आधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे. बाजारातल्या जिलेटिनमध्ये जिवाणूंच्या आवरणाचे अंश उरलेले असू शकतात. मग पेशी भडकतात त्या या अंशांमुळे, आणि दोष जातो जेलच्या माथी. रेशमाचेही तसेच. पैठणीचे रेशीम रंगवण्याआधी उकळून त्यावरचा डिंकासारखा थर काढतात. तो थर म्हणजे सेरिसिन. प्रयोगशाळेतही सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढला जातो, कारण धाग्यावर राहिलेले सेरिसिन दाह वाढवते, असा अनुभव आहे.

जाळी पक्की करण्याची पद्धतही महत्त्वाची. ग्लुटाराल्डिहाइडने जेल टिकाऊ होते, पण त्याचे उरलेले अंश पेशींना विषारी ठरतात. शिवाय फार पक्के जेल विरघळत नाही आणि पेशींचा वेढा उठत नाही.

भारतात काय सुरू आहे?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातील पेशी काढून उरलेल्या प्रथिनांच्या जाळीपासून ‘कोलेडर्म’ हे जखमेवरचे आवरण तयार केले. ते हायड्रोजेल नव्हे, पण तत्त्व तेच. प्राण्यांवरील प्रयोगांत ते लावल्यावर एम-२ प्रकारच्या मॅक्रोफाजचे प्रमाण जास्त दिसले. २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

जेलच्या बाबतीत अडचण उंदरांची आहे. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम बरीचशी आकसून मिटते; माणसाची नव्या ऊतीने भरावी लागते. म्हणून उंदरात दहा दिवसांत मिटलेल्या जखमेवरून माणसाच्या तळपायाबद्दल फारसे सांगता येत नाही.